रंगारणीचा हात

या, असे पुढं या. दाराशी बसलेल्यांनी आत सरका आणि दार नीट लोटून घ्या, बाहेर बर्फ पडतंय. आजची कथा थंडीचीच आहे आणि ती ऐकताना हात कोरडे, उबेत असलेले बरे. फार लांबण लावणार नाही. एका घरातल्या एका सकाळची गोष्ट आहे. त्या सकाळी एका कारागिराची दहा बोटं राहतात की जातात, एवढाच प्रश्न होता. देवानं तो सोडवायला ज्या बाईला पुढं केलं, तिला नऊ गोष्टी उत्तम येत होत्या आणि दहावी येत नव्हती. कोणती, ते ओघात कळेल. कान इकडे द्या.

ओढ्याच्या काठी रंगाऱ्याचं घर होतं. वर राहायच्या खोल्या, खाली रंगशाळा. रंगशाळेत तीन भट्ट्या, भट्ट्यांवर तीन मोठ्या तांब्याच्या कढया, आणि त्या कढयांवर राज्य थोरलीचं. घरातली थोरली सून म्हणून थोरली. तिचा नवरा तयार कापड ट्रकमध्ये घालून शहरात नेऊन द्यायचा, धाकटा दीर कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरायचा, आणि दिराची बायको, म्हणजे धाकटी, वरच्या खोलीत कापडाचे काठ शिवायची.

थोरलीचे हात बघण्यासारखे होते. कोपराच्या खाली निळे, नखं काळपट, तळव्याची कातडी चपलेच्या तळासारखी. तीस वर्षं ती गरम रंगातून कापड नुसत्या हातानं वर काढत आली होती. माणसं थट्टेनं म्हणायची, थोरलीनं हात घातला की कढईच घाबरून निवते. पाण्याची ऊब मोजायला नवऱ्यानं एकदा काचेची नळी आणली होती. ती दोन वर्षांपूर्वी फुटली तेव्हा थोरलीनं तुकडे केरात भरले आणि म्हणाली, गेली ब्याद, हातच्या काकणाला आरसा कशाला? तेव्हापासून त्या घरात पाणी चार प्रकारचं असे: गार, कोमट, ऊन आणि कढत. आणि कुठलं पाणी कोणतं, ते थोरलीचा हात सांगे. रंग कधी बिघडला नाही. त्यामुळं हाताला कोणी जाबही विचारला नाही.

धाकटीला या घरात येऊन सहा वर्षं झाली होती. सुई धरणाऱ्या हातांचं जे होतं तेच तिच्या हातांचं. भांडी घासायच्या पाण्यातही ती गार पाणी मिसळून घ्यायची. थोरली रोज एकदा तरी टोमणा मारायची की आमच्या धाकटीला चांदण्यानंसुद्धा फोड येतो. त्यात विष नव्हतं, पण सहा वर्षं रोज ऐकलं की गूळसुद्धा कडू लागतो. धाकटी खाली मान घालून हसायची आणि वर निघून जायची.

तर त्या दिवशी काय झालं, लाल रंगाचं कापड आदल्या दुपारपासून ओढ्यात सोडलं होतं. रंगवलेलं कापड दोराला बांधून वाहत्या पाण्यात ठेवतात, म्हणजे जादा रंग निघून जातो. रात्रीत थंडी अशी कडाडली की सकाळी काठानं बर्फाची साय धरली. कापड गोठून फाटायच्या आत काढायला हवं. थोरलीचा नवरा ट्रक घेऊन शहरात अडकलेला. घोगऱ्या नावाचा गडी भट्ट्या पेटवत होता. त्याचा आवाज धुरानं बसलेला, म्हणून घोगऱ्या. थोरलीनं दिराला सांगितलं, भावजी, तुम्ही पुढं व्हा आणि गाठी सोडायला लागा, घोगऱ्या घसरगाडी घेऊन मागोमाग येईल. कापडाचे गठ्ठे बर्फावरून ओढायची ती लाकडी गाडी. दीर दाराबाहेर पडल्यावर तिनं आणखी एक वाक्य टाकलं, दोर नवा आहे, कापू नका.

या वाक्याचं ओझं तिनं पुढं किती वर्षं वाहिलं ते देवच जाणे.

घोगऱ्या तासाभरानं निघाला आणि लगेच परत आला. घसरगाडीवर कापड नव्हतं, ठसेकार दीर होता. अर्ध्या वाटेवर कुंपणाला टेकून उभा सापडला, असं घोगऱ्या धापा टाकत सांगत होता. एक पाय मांडीपर्यंत भिजलेला, विजार पत्र्यासारखी कडक. हातमोजे कुठेच नव्हते. गाठी गोठलेल्या, मोज्यांनी सुटेनात, म्हणून त्यानं मोजे काढून उघड्या बोटांनी त्या सोडवायला घेतल्या होत्या. कापड निघेना तसा काठावर पुढं सरकला आणि बर्फ मोडून आत गेला. घोगऱ्याशी बोलताना त्याची जीभ दारू प्यायल्यासारखी अडखळत होती आणि तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: वहिनी म्हणाल्यात, दोर कापायचा नाही.

धाकटी जिन्यावरून धावत खाली आली आणि शेवटच्या पायरीवर थिजली. नवऱ्याची बोटं मेणबत्त्यांसारखी दिसत होती. पांढरी, किंचित पिवळट, पेरापेरांपर्यंत ताठ. तिनं एका बोटाला हात लावला तर ते लाकडासारखं कडक लागलं. त्याला कळलंही नाही.

घोगऱ्यानं तेवढ्यात दारातून मूठभर बर्फ उचललं. काट्यानं काटा काढायचा, थंडीनं गेलं ते बर्फानं चोळलं की येतं, असं त्याच्या आजाचं म्हणणं. थोरलीनं त्याच्या हातावर फटका मारून बर्फ खाली पाडलं. चोळायचं नाही, ती म्हणाली, आतलं मांस काचेसारखं झालंय, चोळशील तर आतल्या आत फाटेल. मग घोगऱ्यानं फडताळातल्या बाटलीकडे बघितलं. तिनं तेही बघितलं आणि म्हणाली, ती त्याला द्यायची नाही आणि तूही घ्यायची नाही. दारूनं ऊब आल्यासारखं वाटतं, पण आतली ऊब निघून जाते. तिनं ठसेकाराला भट्टीशीही नेऊ दिलं नाही. ज्याला चटका कळत नाही त्याला विस्तवाशी नेऊ नये, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून म्हटलं, नऊ गोष्टी तिला येत होत्या.

मोबाईल कट्ट्यावर ठेवून तिनं दवाखान्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. दवाखाना खोऱ्याच्या पलीकडे होता. फोनवर नर्सबाई आल्या. आवाज तरुण होता, पण घाई नव्हती. त्यांनी आधी विचारलं, श्वास नीट चाललाय का. चाललाय. बोलतोय का. बोलतोय, पण बोबडं. मग विचारलं, थरथरतोय का?

थोरलीनं दिराकडे बघितलं. तो अगदी स्वस्थ पडला होता.

"नाही," ती म्हणाली, "शांत आहे." तिला वाटलं, बरं झालं.

मग नर्सबाई म्हणाल्या, थरथरत नाही हे चांगलं नाही. अंग दमलं की थरथरणं सोडून देतं. हातांचं मग बघू, आधी माणूस बघायचा. आता मी सांगते तसं करा. त्याला उभा करू नका, चालवू नका, हिसका बसू देऊ नका. भिजलेलं सगळं काढा, ओढून नाही, कापून काढा.

थोरलीनं मोठी कात्री घेतली आणि विजार, सदरा, सगळं उभं कापत गेली. कोरड्या घोंगड्या खाली, कोरड्या घोंगड्या वर. डोक्याला लोकरीची टोपी. छाती आणि पोट आधी ऊब धरलं पाहिजे, हातपाय चोळत बसू नका, नर्सबाई सांगत होत्या. घरात गरम माणूस आहे ना, त्यानं आत शिरावं. घोगऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. धाकटी जावेकडे न बघता नवऱ्यामागं घोंगडीत शिरली आणि त्याची पाठ आपल्या छातीशी धरून बसली. तो म्हणजे बर्फाची लादी. तिचे दात वाजायला लागले, त्याचे वाजेनात.

अँब्युलन्सचं विचारलं तर कळलं की रस्ता बंद आहे. बर्फ काढायचं यंत्र तीन वाजेपर्यंत मोठा रस्ता मोकळा करेल आणि गाडी फाट्यापर्यंत येईल. फाटा घरापासून मैलभर. तेव्हा साडेनऊ वाजले होते.

मग सुरू झालं वाट बघणं. बाप हो, धावपळीत माणूस देवाला विसरतो, त्याची आठवण होते ती हात रिकामे असताना. थोरलीच्या हाताला तीस वर्षांत रिकामं बसायची सवय नव्हती. ती भट्टीशी गेली, परत आली, फोनकडे बघितलं, दिराकडे बघितलं. मनातल्या मनात म्हणत होती, याचं अंग थरथरू दे रे बाबा. थंडीनं कोणाचं अंग कापू नये म्हणून आयुष्यभर पांघरुणांची कापडं रंगवणारी बाई त्या दिवशी त्याचं अंग कापावं म्हणून देवाला विनवत होती.

पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. धाकटीच सर्वांत आधी म्हणाली, "जाऊबाई, हलतंय." घोंगडीचा काठ हलत होता. आधी बारीक, मग जोरात. ठसेकाराचा जबडा खटखट वाजायला लागला आणि त्या खटखटीतून त्यानं पहिला शहाणा प्रश्न विचारला, किती वाजले? घोगऱ्या म्हणाला, तुला कुठं जायचंय? आणि भिंतीकडेच बघत डोळे पुसले.

गिळता येतंय अशी खात्री झाल्यावर साखर घातलेलं गरम पाणी घोटाघोटानं पाजलं. मग नर्सबाईंनी हातांकडे वळायला सांगितलं. बोटात अंगठी असेल तर आत्ताच काढा, नंतर बोटं सुजतील आणि ती रुतेल. होती. धाकटीनं साबण लावून ती हलकेच फिरवत काढली. आता ऊब दिली की परत गारठू द्यायचं नाही, एकदा विरघळलेलं पुन्हा गोठलं तर बोटं गेलीच समजा. घर गरम राहणार आहे ना? राहणार. मग मोठ्या भांड्यात पाणी घ्या. अंगाइतकं गरम, फार तर त्याहून दोन अंश जास्त. मोजायला काही आहे का?

नाही, असं थोरलीनं सांगितलं.

मग हातानं बघू नका, नर्सबाई म्हणाल्या. कोपर घाला. लहान मुलाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं, कोपराच्या आतल्या बाजूनं. त्याच्या हाताला चटका कळणार नाही, म्हणून तुम्हालाच जपायचंय.

"बाई," थोरली म्हणाली, "तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. पाणीच बघतेय."

नर्सबाई म्हणाल्या बरं, दुसरा फोन वाजतोय, कोणीतरी पाय मोडून पडलंय, मी वीस मिनिटांनी परत फोन करते. आणि फोन बंद झाला.

मधल्या कढईत स्वच्छ पाणी होतं. थोरलीनं ते पसरट भांड्यात काढलं, त्यात गार मिसळलं, उजवा हात मनगटापर्यंत घालून एकदा गोल फिरवला. "कोमट," ती म्हणाली. तो शब्द या घरात शेवटचा असायचा. तिनं दिराचा डावा हात उचलला आणि पाण्यात सोडला.

तो शांत होता. तोंडावर वेदनेची एक रेघ नाही. थोरलीनं त्याच्याकडे बघून मान डोलावली, जणू त्यानंच पावती दिली. उजवा हात धाकटी उचलत होती. नवऱ्याचं बोट कुठं आपटू नये म्हणून तिनं आपल्या दोन्ही तळव्यांत तो हात धरला होता आणि तसाच, आपल्या तळव्यांसकट, ती पाण्याशी नेत होती. तिची बोटं आधी बुडाली.

तिनं सगळंच वर ओढलं. पाणी फरशीवर उडालं.

"जाऊबाई, हे भाजतंय."

थोरलीनं डोळे वर केले नाहीत. "तुला दूधही भाजतं. धर नीट, वेळ जातोय."

एरवी धाकटीनं इथं मान खाली घातली असती. सहा वर्षांचा सराव होता. त्या दिवशी तिनं नवऱ्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ठेवला, घोंगडीतून पुढं वाकली, आणि पाण्यात बुडालेला डावा हात मनगटाशी धरून बाहेर काढला. थोरलीच्या हातातून. थोरलीचा आवाज चढला. मेलेल्या हाताला ऊब दिली नाही तर तो मेलेलाच राहील, तुझ्या नाजूकपणापायी नवऱ्याची बोटं घालवशील, असं ती बोलली आणि आणखीही बोलली, जे पुन्हा सांगण्यासारखं नाही. मग तिनं घोगऱ्याला बोलावलं. तू बघ रे. घोगऱ्यानं हात घातला. त्याचा हात पंधरा वर्षं त्याच कढयांत शिजलेला. त्यानं धाकटीकडे ओशाळून बघितलं आणि म्हणाला, "कोमटच आहे की."

दोन विरुद्ध एक झालं. भट्टीतली लाकडं तडतडत होती. ठसेकाराचे दोन्ही हात वर धरून ठेवलेले, पांढरे, आणि त्याला त्यांचं काहीच नाही. तो एकदा बायकोकडे बघत होता, एकदा वहिनीकडे, पंचायतीसमोर उभ्या असलेल्या माणसासारखा.

धाकटी जावेकडे बघत म्हणाली, "नर्सबाई कोपर म्हणाल्या होत्या. तुम्ही हात घातलात. कोपर घातलंच नाही. कोपर घाला आणि मग कोमट म्हणा, मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

थोरली रागानंच बाही वर सरकवत गेली. कोपराच्या खाली निळं, आणि निळं संपतं तिथून वर तिचीच कातडी, पण कधी ऊन न बघितलेली, गोरी, एखाद्या मुलीची असावी तशी. तिनं ती आतली बाजू पाण्याला टेकवली.

आणि झटक्यात काढली.

तिनं पुन्हा हात घातला. हात म्हणाला कोमट. पुन्हा कोपर टेकवलं. कोपर म्हणालं, विस्तव. पाणी तेच, बाई तीच, अंग एकाच आईनं दिलेलं. साक्षी मात्र दोन, आणि त्यातला जो तीस वर्षं भरवशाचा होता तो खोटं बोलत होता. मुद्दाम नाही हो. बिचाऱ्या हाताला भाजायचं ते सगळं कधीच भाजून झालं होतं. कातडी जाड होत गेली तसं तिचं कोमट दरवर्षी थोडं थोडं वर चढत गेलं. कापडानं कधी तक्रार केली नाही, कारण कापडाला तेच कोमट हवं होतं. कापड आणि माणूस यांत ती कधी गोंधळली नव्हती, त्या सकाळपर्यंत.

आणि भावजी ओरडले नव्हते. ते ओरडले नाहीत म्हणून तिला पाणी बरोबर वाटलं होतं. हे तिला आत्ता कळलं. ती भट्टीच्या कट्ट्यावर टेकली. मग तिनं तिथूनच घोगऱ्याला गार पाण्याची बादली आणायला सांगितली, आणि भांडं उचलून धाकटीच्या पुढ्यात ठेवलं.

"पाणी तू बघ," ती म्हणाली. "मी ओतते. तू थांब म्हणशील तिथं थांबते."

धाकटीनं कोपर घातलं. गार टाका. आणखी. आणखी थोडं. थांबा. आता थोडं ऊन, त्यांचे हात बाहेर असतानाच ओता. थांबा. अशी ती सांगत गेली आणि जिच्या कढईला कोणी बोट लावत नसे ती थोरली पळीपळीनं ओतत गेली. पाणी अंगाइतकं झाल्यावर दोन्ही हात आत गेले. बोटं भांड्याच्या बुडाला टेकू द्यायची नाहीत, एकमेकांवर घासू द्यायची नाहीत. दर चार-पाच मिनिटांनी पाणी निवायचं. मग हात बाहेर, ऊन पाणी आत, कोपर, आणि हात पुन्हा आत.

दहा मिनिटांनी ठसेकाराच्या कपाळावर घाम आला. पंधरा मिनिटांनी त्यानं ओठ चावला. मग तो ओरडायला लागला. असा ओरडला की वरच्या मजल्यावरच्या खिडकीची काच थरथरली असेल. सोडा, म्हणत होता, तोडून टाका पण सोडा. धाकटी त्याला मागून घट्ट धरून रडत होती आणि कोपरानं पाणी बघतच होती. घोगऱ्याला ते बघवेना, तो दारात जाऊन उभा राहिला. थोरली मात्र त्या ओरडण्याकडे कान लावून बसली होती. आता याला कळतंय, तिच्या मनात येत होतं, आता याला कळतंय. उजव्या हाताची बोटं एकेक करून लाल होत गेली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. डाव्याची तीन झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र डागाळलेली, ठिकठिकाणी लाल, आणि वर कातडी सुटून आल्यासारखी.

फोन वाजला. नर्सबाईंनी क्रमानं विचारलं. रंग आला का, बोटं मऊ झाली का, सूज किती, फोड आलेत का. धाकटी उत्तरं देत होती. हो, डाव्या हाताला फोड येतायत.

नर्सबाई म्हणाल्या, थंडीनं गोठलेल्या हाताला फोड येतातच, घाबरू नका.

आता बघा. इथं गप्प बसलं असतं तर काम भागत होतं. थंडीनं आलेत म्हणून खुद्द नर्सबाईंनीच सांगितलं होतं. घोगऱ्या बोलणार नव्हता. धाकटीनं जावेकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. तीही बोलणार नव्हती. तेवढी माया त्या घरात होती. ठसेकाराला तर काही कळलंच नव्हतं. थोरलीला फक्त तोंड मिटून बसायचं होतं.

ती उठली आणि फोनजवळ गेली.

"बाई, डाव्या हाताला मी चटका दिला. कोपर घातलं नाही. हातानं बघितलं आणि कढत पाण्यात धरला. वीस-पंचवीस आकडे मोजून होतील एवढा वेळ. हिनं काढला म्हणून, नाहीतर दोन्ही गेले असते."

पलीकडून रागवण्याचा एक शब्द आला नाही. नर्सबाईंनी विचारलं, किती कढत, फोड पाण्यासारखे की रक्ताळलेले, कातडी कुठून कुठपर्यंत सुटलीय. सांगितलंत ते बरं केलंत, त्या म्हणाल्या, नुसतं गोठणं वेगळं आणि वरून भाजणं वेगळं, डॉक्टरांना तयारीत राहता येईल. मग त्यांनी पुढचं सांगितलं. फोड फोडायचा नाही. तेल, हळद, मलम, काही लावायचं नाही. बोटाबोटांमध्ये स्वच्छ कोरडं कापड ठेवायचं, वरून सैल गुंडाळायचं, हात छातीच्या वर धरायचे. आणि फाट्यापर्यंतच्या एका मैलात ते पुन्हा गारठू द्यायचे नाहीत, काहीही झालं तरी.

कापडाची त्या घरात वाण नव्हती. थोरलीनं रंग न चढलेलं कोरं सुती कापड काढलं, धुऊन उन्हात वाळवलेलं, आणि धाकटीनं त्याच्या पट्ट्या केल्या. अडीच वाजता घसरगाडी निघाली. ठसेकार सहा घोंगड्यांच्या आत, हात बायकोच्या कोटाखाली तिच्या अंगाला लागून. घोगऱ्या पुढून ओढत होता, थोरली मागून ढकलत होती. वारा समोरून येत होता. वाटेत ओढा लागला. लाल कापडाचा एक कोपरा बर्फात गोठून उभा राहिला होता. घोगऱ्यानं तिकडे बघितलं. थोरलीनं बघितलं नाही. म्हणाली, ओढ.

फाट्यावर गाडी दिवे लावून उभी होती.

उजव्या हाताची पाचही बोटं राहिली. दोन महिने त्यांची कातडी निघत होती, थंडीत अजूनही ठणकतात, पण ठसे कोरायची पटाशी धरतात. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पहिल्या पेरापासून गेली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की थंडीनं गेली की चटक्यानं, हे कोणालाही ठरवता येणार नाही. घोगऱ्यानं तेच धरलं आणि थंडीवर ढकललं. दिरानंही धरलं, म्हणायचा, वहिनी, ठसा उजव्यानं कोरतात, डाव्यानं नुसता धरायचा असतो. थोरलीनं ते सांत्वन कधी घेतलं नाही. तशी ती त्यामुळं खंगलीही नाही. कढया तशाच चालू राहिल्या, टोमणेही सगळे बंद झाले नाहीत, फक्त चांदण्याचा टोमणा पुन्हा कोणी ऐकला नाही.

पहिलं बर्फ पडलं की ती सगळ्या कामगारांना भट्टीपाशी बसवायची आणि स्वतःच्या तोंडानं ही गोष्ट सांगायची. काही गाळायची नाही. दोर कापू नका असं मी म्हणाले होते, इथपासून सुरू करायची. नवीन आलेल्या बायकांना आधी हसू यायचं, मग त्या आपल्या हातांकडे बघायच्या. एकीनं एकदा विचारलं की एवढं कशाला सांगता, झालं गेलं. तेव्हा ती म्हणाली होती, माझ्या हाताला आता काही कळत नाही, म्हणून तोंडाला तरी कळू दे.

आता त्या कढयांवर दुसऱ्याच बायकांचे हात आहेत. थोरली देवाघरी गेली त्याला बरीच वर्षं झाली. आज संध्याकाळी देवापुढं हात जोडाल, घरच्यांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी एक श्वास तिच्यासाठीही ठेवा. झाकता येत असलेली चूक जिनं उठून, फोनजवळ जाऊन सांगितली, त्या रंगारणीला विसरू नका.